रायफल आणि भरवसा : थ्री-नॉट-थ्रीपासून एसएलआरपर्यंत



विद्यानगरातील आपल्या शाळेच्या या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्यासाठी मला पाचारण करण्यात आले, हा मी माझा बहुमान समजतो. साहित्य, समाजकारण, मुक्तिसंग्राम हे अशा व्यासपीठांचे नेहमीचे विषय. त्या प्रथेत सैनिकाच्या रायफलीवर बोलू इच्छिणारा इतिहासाचा शिक्षक आपल्याला काहीसा विक्षिप्त वाटेल, याची मला जाणीव आहे. तथापि हा विषय मी मुद्दाम निवडला आहे.

आपल्याकडे निवृत्त सैनिकांच्या बैठकीत आणि सामान्य घरांतील गप्पांमध्येही दोन विधाने हमखास ऐकू येतात. पहिले असे, की १९६२ साली आपण हरलो ते जुनाट थ्री-नॉट-थ्री रायफलीमुळे. दुसरे असे, की थ्री-नॉट-थ्रीसारखी भरवशाची रायफल पुन्हा झाली नाही. गंमत अशी, की अनेकदा एकच माणूस एकाच संध्याकाळी ही दोन्ही विधाने करतो. पहिल्या विधानात पराभवाची जबाबदारी आहे, म्हणून ते तपासले पाहिजे. पराभवाचे खापर लाकडाच्या आणि पोलादाच्या वस्तूवर फोडले, की माणसे सुटतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. रायफलीचा भरवसा ही एक साखळी असते. रचना, काडतूस, निगा, सराव आणि पुरवठा हे तिचे पाच दुवे. शस्त्रांची तुलना करताना आपण पहिल्या दुव्याविषयीच बोलतो, आणि सैनिक मात्र बहुधा उरलेल्या चार दुव्यांपाशी मरतो. हे म्हणणे मी काही प्रसंगांच्या आधारे मांडणार आहे.

१. आपल्याच शहरातील एक धडा

सुरुवात हैदराबादपासूनच करू. आबिड्सजवळच्या गनफाउंड्रीवरून आपण सारेच ये-जा करतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस निजाम अली खान यांच्या चाकरीत असलेल्या रेमंड या फ्रेंच सेनानीचा तोफांचा कारखाना तेथे होता. युरोपीय पद्धतीने कवायत शिकवलेली, बंदुकांनी सज्ज अशी दहा हजारांहून अधिक सैनिकांची फौज त्याने उभी केली. रेमंड १७९८च्या मार्चमध्ये वारला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला निजाम व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला आणि ऑक्टोबरमध्ये ही सबंध फौज एकही लढाई न होता निःशस्त्र केली गेली. सैनिकांचे पगार थकले होते आणि त्यांनी आपल्याच अधिकाऱ्यांविरुद्ध बंड केले होते. त्यांच्या बंदुका चांगल्या होत्या की वाईट, हा प्रश्न उद्भवलाच नाही. पुरवठ्याचा दुवा तुटला की पहिल्या दुव्याची परीक्षाही होत नाही, याचे याहून जवळचे उदाहरण मला ठाऊक नाही.

१८५७चे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. एनफिल्डची १८५३च्या नमुन्याची बंदूक ही तिच्या काळातील उत्तम बंदुकांपैकी एक होती. नळीच्या आत पेच असल्यामुळे तिची गोळी जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीपेक्षा कितीतरी लांब आणि नेमकी जात असे. पण तिच्या काडतुसाचा चरबी लावलेला कागद दातांनी तोडावा लागे, आणि शिपायाचा त्या चरबीवर विश्वास राहिला नाही. त्यानंतर अविश्वासाची दिशा उलटली. ब्रिटिशांनी हिंदी पलटणींना पुढची कित्येक दशके एक पिढी जुनी हत्यारे दिली. गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी-हेन्री आली, तेव्हा हिंदी शिपायाच्या हाती स्नायडर होती. गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आली, तेव्हा हिंदी शिपायाला मार्टिनी मिळाली. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे या दोन्ही रायफली एकाच मैदानावर होत्या. ६६व्या ब्रिटिश पलटणीपाशी मार्टिनी होती आणि मुंबई लष्कराच्या पायदळ पलटणींपाशी स्नायडर. पराभव मात्र दोघींच्याही वाट्याला आला.

२. अचूक रायफल आणि चालणारी रायफल

आता विसाव्या शतकातील रायफलींकडे वळतो. रचनेचा दर्जा आणि भरवसा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कॅनडाच्या रॉस रायफलीइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही रायफलीने दाखवले नसेल. रॉस अत्यंत अचूक होती. नेमबाजीच्या स्पर्धांत तिचा दबदबा होता. तिचा बोल्ट न फिरवता सरळ मागे ओढायचा असे, त्यामुळे कागदावर ती वेगवानही होती. एप्रिल १९१५मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे कॅनेडियन सैनिक ती घेऊन खंदकात उतरले. तिच्या नळीची काडतूस बसण्याची कोठी नेमक्या मापाची, घट्ट होती. युद्धकाळात घाईने तयार झालेली ब्रिटिश काडतुसे किंचित मोठी असत. त्यात चिखल आणि सततच्या माऱ्याची उष्णता यांची भर पडली. काडतूस कोठीत रुतून बसे आणि बोल्ट उघडण्यासाठी सैनिकांना लाथा माराव्या लागत. शेकडो सैनिकांनी रॉस टाकून दिली आणि पडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफिल्ड उचलल्या. १९१६ साली ती आघाडीच्या पायदळाकडून काढून घेण्यात आली. लपून नेम धरणाऱ्या निवडक नेमबाजांनी मात्र ती पुढेही वापरली, कारण ते काडतुसे निवडून घेत आणि रायफल जपत.

हाच न्याय उलटा लावला, की ली-एनफिल्डचे, म्हणजे आपल्या थ्री-नॉट-थ्रीचे, यश उलगडते. १९०७च्या तिच्या तिसऱ्या नमुन्याचे वजन सुमारे ४ किलो. मॅगझिनमध्ये १० काडतुसे. जर्मन माउझरमध्ये ५. माउझरचा बोल्ट पुढच्या टोकाला अडकतो. ली-एनफिल्डचा मागे अडकतो. त्यामुळे माउझरची रचना अधिक मजबूत आणि अचूकतेला अधिक पोषक मानली जाते. पण ली-एनफिल्डचा बोल्ट उघडताना अंदाजे ६० अंश फिरवावा लागतो, माउझरचा ९०. हात खांद्याजवळ ठेवूनच तो झटकन मागेपुढे करता येतो. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश चाचणीत सैनिकाने मिनिटाला १५ नेमके बार काढावेत अशी अपेक्षा असे. तिची कोठी थोडी सैल होती. साधारण दर्जाचे आणि धुळीने माखलेले काडतूसही ती गिळत असे. दोष तिच्यातही होते. काडतुसाच्या बुडाचा काठ बाहेर आलेला असे, आणि मॅगझिन भरताना एक काठ दुसऱ्याच्या मागे अडकला की ती हमखास अडे. म्हणून भरण्याची पद्धत शिकवावी लागे, आणि ती शिकवली जाई.

आपल्यापैकी ज्यांनी एन.सी.सी.मध्ये ही रायफल खांद्यावर घेतली असेल, त्यांना तिच्या दस्त्याच्या टोकावरील पितळी झाकण आठवत असेल. त्या झाकणाआड तेलाची छोटी बाटली आणि नळी पुसण्याची दोरी असे. आमचे उस्ताद त्या दोरीला चिंधी बांधून नळीतून ओढायला लावीत आणि नळीत डोळा लावून तपासत. ‘आरशासारखी’ हा त्यांचा एकच शब्द असे. निगेचा दुवा रायफलीच्या पोटातच ठेवला होता, हे महत्त्व मला त्या वयात कळले नव्हते. केवळ कंटाळा कळत होता.

३. मराठी पलटणी, तुर्की आणि हैदराबाद

या रायफलीचा आपल्या प्रदेशाशी संबंध पलटणींच्या द्वारे येतो. १९१४ साली हिंदी सैन्य फ्रान्समधील मार्सेय बंदरात उतरले, तेव्हा त्याच्याजवळील जुन्या रायफली बदलून तेथे नव्या नमुन्याच्या देण्यात आल्या, आणि सैनिकांना खंदकाकडे जाता जाताच त्यांची ओळख करून घ्यावी लागली. त्याच काळात मेसोपोटेमियात सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. टिग्रिसच्या काठी कुत येथे ही डिव्हिजन वेढली गेली. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, तिने शरणागती पत्करली. शरण जाण्यापूर्वी तोफा मुद्दाम निकामी करण्यात आल्या. म्हणजे हत्यारे अखेरपर्यंत उपयोगी होती. संपले होते ते धान्य. कुतमधील शिपायाची रायफल त्याला शेवटच्या दिवशीही दगा देत नव्हती, आणि तरीही तो कैदेत गेला.

आपल्या शहराच्या इतिहासातील पुढची घटना १९४८ची. १३ सप्टेंबरला मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गच्या दिशेने निजामी हद्दीत शिरल्या. १७ सप्टेंबरला निजामाने लढाई थांबवल्याची घोषणा केली आणि दुसऱ्या दिवशी जनरल एल इद्रूस यांनी शरणागती दिली. निजामाचे नियमित सैन्य आणि भारतीय सैन्य यांच्या खांद्यांवर मूलतः एकाच घराण्यातील रायफल होती. हैदराबादच्या तुकड्या दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने मलायात लढल्या होत्या; त्यांना तिचा परिचय नव्हता असे नाही. बाहेरून शस्त्रे आणण्याचा आटापिटाही झाला. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक १९४८ साली पाकिस्तानातून विमाने भरून शस्त्रे आणत होता. पण रणगाडे, विमाने, दळणवळण आणि अखंड पुरवठा भारतीय बाजूला होता. एकाच जातीची रायफल दोन्हीकडे असताना पाच दिवसांत निकाल लागतो, तेव्हा त्याचे कारण रायफलीबाहेर शोधावे लागते.

सरहद्दीवरील कॅम्पांतून लढणाऱ्या मुक्तिसंग्रामातील तरुणांची अडचण याहून निराळी होती. ज्यांच्याकडे ठासणीची बंदूक, बारा बोअरची शिकारी बंदूक आणि एखादी लष्करी रायफल अशी मिळेल ती हत्यारे एकत्र येतात, त्यांना प्रत्येकीचा दारूगोळा वेगळा जमवावा लागतो. एकाचे काडतूस दुसऱ्याच्या बंदुकीत बसत नाही. लष्करे एकच नमुना आणि एकच काडतूस यांसाठी एवढा आग्रह का धरतात, हे अशा लढ्यांकडे पाहिले म्हणजे समजते.

४. १९६२ : पन्नास काडतुसांचा हिशेब

आता त्या पहिल्या विधानाकडे येतो. १९६२ साली भारतीय पायदळाची मुख्य रायफल थ्री-नॉट-थ्री होती, हे खरे. समोर चिनी सैन्याकडे टाइप ५६ जातीच्या अर्धस्वयंचलित रायफली आणि सबमशीनगनी मोठ्या संख्येने होत्या, हेही खरे. जवळच्या अंतरावर, दाटीने येणाऱ्या शत्रूपुढे, प्रत्येक बारानंतर बोल्ट मागेपुढे करणारा सैनिक मागे पडतो. हा रचनेतला फरक मी नाकारत नाही.

पण २० ऑक्टोबर १९६२ रोजी नामका छू नदीकाठी काय घडले ते पाहू. तेथील सातव्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी पुढे चिन्यांच्या कैदेत पडले आणि सुटून आल्यावर त्यांनी या मोहिमेवर पुस्तक लिहिले. त्या ब्रिगेडचे सैनिक हिमालयात सुती गणवेशात उभे होते. रस्ता नव्हता, सारे काही विमानातून टाकले जाई आणि त्यातले बरेचसे दऱ्यांत हरवे. माणशी काडतुसे होती पन्नासच्या आसपास. तोफखान्याचे पाठबळ नाममात्र.

श्रोतेहो, येथे शाळेतले साधे गणित करू. मिनिटाला १५ नेमके बार काढणारा सैनिक पन्नास काडतुसे साडेतीन मिनिटांत संपवतो. त्याच्या हाती त्या सकाळी जगातील सर्वोत्तम अर्धस्वयंचलित रायफल दिली असती, तर ती पन्नास काडतुसे त्याहूनही लवकर संपली असती. वेगवान रायफल ही अधिक भुकेली रायफल असते. जो पुरवठा थ्री-नॉट-थ्रीला पुरला नाही, तो तिला कसा पुरला असता? नामका छूवर सैनिकाला कोणत्या रायफलीने पाठवले, हा प्रश्न दुय्यम आहे. त्याला तेथे, त्या कपड्यांत, तेवढ्या काडतुसांनिशी का पाठवले, हा मुख्य प्रश्न आहे; आणि त्याचे उत्तर कोणत्याही रायफल कारखान्यात मिळणार नाही.

त्याच युद्धात १८ नोव्हेंबरला लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतान सिंग यांची कंपनी लढली. १३ कुमाऊँची ही सी कंपनी सुमारे पाच हजार मीटर उंचीवर होती. मध्ये डोंगर आल्यामुळे आपल्या तोफांची मदत तिला मिळू शकत नव्हती. सुमारे १२० जणांच्या या कंपनीतील ११४ जण पडले. पुढच्या वर्षाच्या आरंभी शोधपथक तेथे पोहोचले तेव्हा अनेकांचे देह आपापल्या मोर्च्यात, हातात हत्यार असलेले, गोठलेले आढळले. त्यांच्याकडेही थ्री-नॉट-थ्रीच होती. आपल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट नोंदवतो. कुमाऊँ रेजिमेंटचे नाव १९४५पर्यंत ‘१९वी हैदराबाद रेजिमेंट’ असे होते. निजामाच्या राज्यातील जुन्या कंटिंजंटशी तिचे मूळ जोडलेले आहे.

एकच रायफल, एकच युद्ध, आणि दोन ठिकाणच्या दोन निराळ्या हकीकती. रेझांग लाच्या सैनिकांना ‘जुन्या बंदुकीचे बळी’ म्हणून हळहळणे मला त्यांच्यावर अन्याय करणारे वाटते. ते आपल्या हत्यारानिशी अखेरपर्यंत लढले. दोष द्यायचाच असेल, तर तो त्यांना उघडे ठेवणाऱ्या निर्णयांना द्यावा.

५. पुण्यात घडलेली एसएलआर

१९६२नंतर नवी रायफल आली ती ७.६२ मिलिमीटरची सेल्फ लोडिंग रायफल, म्हणजे एसएलआर. तिचा मूळ नमुना बेल्जियमच्या एफ.एन. कारखान्यातील द्यूदोने सेव्ह यांनी विकसित केलेली एफएएल रायफल. ब्रिटनने ती इंच मापात स्वीकारली, इतर बऱ्याच देशांनी मेट्रिक मापात. नव्वदच्या आसपास देशांनी ती वापरली. पुण्यातील आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट या संस्थेतील अभियंत्यांनी नमुन्यांचा अभ्यास करून तिचा भारतीय अवतार घडवला, आणि बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात त्याचे उत्पादन झाले. काडतुसांची बाजू महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर सांभाळली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. साठच्या दशकात भुसावळजवळ वरणगावचा कारखाना उभा राहिला. दरम्यानच्या काळात इशापूरने ली-एनफिल्डच्याच घडणीची ७.६२ काडतुसाची रायफल अधिक चांगल्या पोलादात काढली, ती याच काडतुसाच्या एकवाक्यतेसाठी.

एसएलआरची तुलना तिच्या समकालीनांशी करू. तिचे वजन सुमारे ४.३ किलो, मॅगझिन २० काडतुसांचे. गोळीमागचा वायू दट्ट्याला ढकलतो आणि बोल्ट आपोआप मागे जातो. हा वायू किती घ्यायचा हे सैनिकाला एका कडीने ठरवता येते. रायफल मळली, थंडीने जड झाली, तर वायू वाढवायचा. एरवी कमी ठेवायचा. भरवशाची किल्ली येथे सैनिकाच्या बोटांत दिली आहे, पण ती फिरवायला त्याला शिकवावे लागते. बारीक वाळू मात्र तिला जाचते. म्हणून ब्रिटिशांनी तिच्या बोल्टवाहकावर वाळू साठण्यासाठी खाचा पाडल्या. इस्रायलला वाळवंटात तिचा त्रास झाला आणि पुढे त्यांनी दुसरी रायफल घेतली.

जर्मनीची जी-३ हीच गोळी डागते, पण तिच्यात वायूची नळीच नाही. दोन रुळांच्या साहाय्याने बोल्ट उशिरा उघडतो. ती मळावर मात करते, मात्र धक्का जोराचा देते. पाकिस्तानने ती वाह येथील कारखान्यात परवान्याने बनवली. अमेरिकेची एम-१४ नेमाला उत्तम, पण स्वयंचलित मारा करताना ताब्यात राहणे कठीण. आणि या सर्वांच्या पलीकडे कलाश्निकोव्हची एके-४७. तिचे काडतूस आखूड, गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ७१५ मीटर. एसएलआरचा ८४०च्या आसपास. लांबच्या नेमात ती मागे पडते. परंतु तिचे आतले भाग सैल बसवलेले आहेत, मॅगझिन ३० काडतुसांचे आहे, आणि अल्पशिक्षित सैनिकही ती काही दिवसांत हाताळू शकतो. एके कमी सरावाची अपेक्षा ठेवून घडवली गेली. एसएलआर शिकवलेल्या सैनिकासाठी घडवली गेली.

म्हणून १९७१च्या मोकळ्या मैदानावर जी एसएलआर आपल्या पायदळाला समाधान देऊन गेली, तीच १९८७नंतर श्रीलंकेच्या झाडीत लांब आणि जड वाटू लागली. तेथे शत्रू काही पावलांवरून एकेने मारा करी. नव्वदीच्या आरंभी भारताने पूर्व युरोपातून एके जातीच्या रायफली घेतल्या. रायफल बिघडली नव्हती; लढाईचे अंतर बदलले होते.

६. पुढची पिढी, जुने प्रश्न

हलक्या ५.५६ मिलिमीटर काडतुसाकडे जग वळले, तेव्हा अमेरिकेला व्हिएतनाममध्ये जबर धडा मिळाला. १९६५ ते १९६७ या काळात एम-१६ वारंवार अडकू लागली. काडतुसातील दारू बदलली गेली होती, कोठीला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि ‘ही रायफल साफ करावी लागत नाही’ अशा समजुतीने साफसफाईचे साहित्यच पुरेसे दिले गेले नव्हते. थ्री-नॉट-थ्रीच्या दस्त्यातील ती छोटीशी तेलाची बाटली येथे आठवावी. दारू, मुलामा आणि साहित्य सुधारले, आणि तीच रायफल पुढे दशकानुदशके चालली.

आपली इन्सास रायफलही पुण्यातील त्याच संस्थेत विकसित झाली. १९९९ साली कारगिलच्या थंडीत तिची प्लॅस्टिकची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या. २००५ साली नेपाळी लष्कराने आपल्या जवानांच्या मृत्यूनंतर तिच्यावर दोष ठेवला. भारतीय बाजूने उत्तर आले, की वापर योग्य रीतीने झाला नाही. साखळी तुटली की प्रत्येक जण दुसऱ्याच्या दुव्याकडे बोट दाखवतो. २०१९ साली भारताने अमेरिकी बनावटीच्या ७२,४०० सिग ७१६ रायफली मागवल्या. त्या पुन्हा एसएलआरच्याच ७.६२ काडतुसाच्या. अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे एके-२०३चे उत्पादन सुरू झाले. म्हणजे ज्या दोन काडतुसांची तुलना मी आत्ता केली, ती दोन्ही आज आपल्या सैन्यात शेजारी शेजारी उभी आहेत.

सरावाचा दुवा मी शेवटी राखून ठेवला, कारण त्याची वेदना ताजी आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके रायफलींपुढे थ्री-नॉट-थ्री घेतलेले पोलीस होते. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हाती तर केवळ लाठी होती, आणि त्यांनीच हल्लेखोराला जिवंत पकडून देताना प्राण वेचले. त्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीसमोर जुनी शस्त्रे आणि काडतुसांच्या टंचाईमुळे अपुरा राहिलेला गोळीबाराचा सराव, असे दोन्ही प्रश्न आले. वर्षानुवर्षे बार न काढलेल्या हातात नवी रायफल दिली, तरी ती त्या हाताला परकीच राहते.

७. समारोप

तर मग सर्वोत्तम रायफल कोणती? माझे उत्तर आपल्याला निराश करील. अचूकतेत रॉस, वेगात आणि सोशिकपणात बोल्टच्या रायफलींमध्ये ली-एनफिल्ड, लांब पल्ल्याच्या अर्धस्वयंचलित रायफलींत एफएएलचे घराणे, आणि कमी निगेत चालण्यात कलाश्निकोव्ह, एवढा निवाडा मी देऊ शकतो. पण यांपैकी कोणतीही रायफल, तिला काडतूस देणारा कारखाना, ते वर पोहोचवणारा रस्ता, ती पुसणारी चिंधी आणि ती चालवायला शिकवणारा उस्ताद यांच्यावाचून काठीहून फारशी वेगळी नसते.

या सभागृहात असे माजी विद्यार्थी असतील, जे सैन्यात, कारखान्यांत, संशोधनसंस्थांत किंवा हिशेबाच्या कचेऱ्यांत काम करतात वा करून निवृत्त झाले आहेत. काडतुसाच्या मापाची तपासणी करणारा, सरावाच्या काडतुसांच्या मागणीवर सही करणारा किंवा ती मागणी कपात करणारा माणूस आपल्या कचेरीत बसून आघाडीवरच्या सैनिकाच्या रायफलीचा भरवसा ठरवत असतो. त्याच्या कामाचे पोवाडे कोणी गात नाही. पण पुढच्या वेळी एखाद्या पराभवानंतर ‘बंदूकच वाईट होती’ असे कोणी म्हणाले, तर आपण एवढेच विचारावे : काडतुसे किती होती, रायफल कोणी पुसली होती, सराव केव्हा झाला होता, आणि त्या माणसाला तेथे कोणी पाठवले होते? सैनिकांच्या स्मृतीला याहून प्रामाणिक अभिवादन इतिहासाच्या अभ्यासकाला सुचत नाही.